बर्फाखालचं खरवडणं

१

“नाव मेलेल्याचं देतात. तो मेलेला नाही,” असं म्हणून अफियानं किटली शेगडीवर आदळली आणि आपल्यापुरता विषय संपवला.

मालायानं तो संपू दिला नाही. पोरगी जन्मल्यापासून हा विषय रोज सकाळी चहाबरोबर संपत होता आणि दुपारी सीलच्या मटणाबरोबर पुन्हा पानात येत होता. ती म्हणाली, दोन वसंत होऊन गेले, आई; माणूस दोन वसंत चहाला येत नाही तेव्हा तो मेलेला असतो. अफिया म्हणाली, तुझा नवरा तर गावात असून चहाला येत नाही, मग त्याचं नाव देऊन टाकू का.

पोरगी पाठीवर रडत होती. ध्रुवाकडच्या त्या मुलखात बाळंतिणीच्या कोटाला मागं भलीमोठी टोपी असते. लेकरू त्या टोपीत बसतं, आईच्या उघड्या मानेला टेकून, आणि आईचे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. भांडायलाही. ही पहिल्या दिवसापासून अशीच रडत होती. दूध दोन घोट ओढायची, सोडायची, तोंड फिरवायची. दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या विमानानं दक्षिणेला, मोठ्या इस्पितळात. गावातल्या बायकांनी नर्सचं मान डोलावून ऐकून घेतलं आणि बाहेर पायरीवर येऊन जे सगळ्यांना ठाऊक होतं ते बोलून दाखवलं. पोरगी आपलं नाव मागतेय. बिननावाचं लेकरू जगात नीट बसत नाही. त्याला परत जायला फार वेळ लागत नाही.

आणि नाव कोणतं, यावर गावात दोन मतं नव्हती. किलाबुक. मालायाचा बाप. मुलीला पुरुषाचं नाव कसं, असा प्रश्न तिथं कुणाला पडत नाही. नाव येतं ते माणसाला घेऊन येतं, आणि मग त्या लेकराला त्या माणसाच्या नात्यानंच हाक मारायची. मालायाला स्वतःला तिच्या आजीचं, अफियाच्या आईचं, नाव मिळालेलं, म्हणून अफिया पोटच्या पोरीला पहिल्या दिवसापासून ‘आई’ म्हणत आली. मालाया तर तिला आई म्हणायचीच. दोघी एकमेकींना आई म्हणत एका घरात नांदत होत्या. या भांडणात मात्र अफिया तिला नुसतं मालाया म्हणू लागली होती. त्या घरात नावानं हाक मारणं म्हणजे थोबाडीत देण्याच्या एक पायरी अलीकडे.

किलाबुकचं नाव होतं अफियाच्या हातात. बायको ती, ती देईल तेव्हाच ते दिलं जाणार. आणि ती ते मुठीत धरून बसली होती.

“तू त्याला अडकवून ठेवलंयस,” मालाया म्हणाली. “आणि हिलाही.”

अफियानं खुंटीवरचा कोट चढवला, कोपऱ्यातलं जुनं वल्हं उचललं आणि दार लावून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मालायाला मानेवर ते जाणवलं. पोरगी रडायची थांबली होती आणि तिच्या मानेवर नखं ओढत होती. लांब, लांब, आखूड. थांबली. पुन्हा लांब, लांब, आखूड.

नखं वाढलीत, मालायाच्या मनात आलं. कापायला हवीत.

२

अफियाचे कान मंदावले होते, जवळचं बोलणं तेवढं कळायचं; हाडं मात्र शाबूत होती. रोज चहा झाला की ती ते वल्हं घेऊन गावासमोरच्या गोठलेल्या खाडीवर जायची. तिथं तिनं एक भोक राखलं होतं. रोज त्यावर साय धरायची, रोज ती फोडायची. वल्ह्याचं पातं पाण्यात, दांड्याचं टोक जबड्याच्या हाडाला, डोळे मिटलेले. समुद्र असा ऐकायला तिला किलाबुकनं शिकवलं नव्हतं, तिनंच त्याला शिकवलं होतं. तो मात्र गावभर उलटं सांगायचा.

मालायानंही लहानपणी बापाच्या मांडीवर बसून हाडानं ऐकलं होतं. दाढीवाल्या सीलचं गाणं, उंचावरून गरगरत खाली खाली येणारं, संपलं संपलं वाटेस्तोवर कुठंतरी वर पुन्हा सुरू होणारं. नारव्हालांची, म्हणजे त्या एकशिंगी देवमाशांची, टकटक, कढईत दाणे तडतडावेत तशी, आणि मधूनच गंजल्या बिजागरीची करकर. बाप कानाशी सांगायचा, ही म्हातारी बोलतेय, हा तिचा नातू, आणि हा मूर्ख, ह्याला काही कळत नाही, नुसता ओरडतो. बर्फाखाली असा गलबला असायचा की वर बसलेल्या माणसाला एकटं वाटायची सोय नव्हती.

मग खाडीच्या आत लोखंडाची खाण निघाली आणि दगड न्यायला जहाजं येऊ लागली. आधी उन्हाळ्यात, मग बर्फ फोडत वसंतातही. जहाज दिसायच्या आधी पाण्यात येतं आणि दिसेनासं झाल्यावरही पाण्यातून जात नाही. वल्हं हाडाला लावलं की दात शिवशिवतात. त्या घरघरीनं आधी सीलचं गाणं तुटायचं. नारव्हाल पळतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते पळत नाहीत. ते गप्प होतात, अंग सोडून देतात, शेपूटसुद्धा न हलवता खाली खाली बुडत जातात, काळोखात, आणि आवाज सरेपर्यंत तिथं मेल्यासारखे राहतात. किलाबुकनं बर्फाच्या कडेवरून हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

यंदाच्या वसंतात वल्ह्यातून काहीच येईना. ना गाणं, ना टकटक. जहाज गेलं की नुसती शांतता, ओळखीच्या घरात शिरावं आणि भांडीकुंडीसुद्धा नेलेली असावीत तशी. आणि त्या शांततेत, जनावरं बोलत होती तोवर कधी ऐकू आलं नव्हतं असं एक काहीतरी. कुणीतरी खालून बर्फ खरवडत होतं.

खरवडणी म्हणजे एक हाडाची मूठ, पुढं सीलची नखं बांधलेली. बर्फावर ऊन खात पडलेल्या सीलकडे सरपटत जाताना शिकारी तिनं बर्फ खरवडतो. सीलला वाटतं, जवळ आपल्यातलंच कुणी आहे, घाबरायचं कारण नाही, आणि तो मान टाकून पुन्हा झोपतो. ज्याचा त्याचा हात वेगळा. किलाबुकचा हात सगळं गाव ओळखायचं. दोन लांब, एक आखूड, मग सिगारेटचा झुरका घ्यावा एवढं थांबणं.

दोन वसंतांपूर्वी तो बर्फाच्या कडेला शिकारीला गेला तो आला नाही. अफिया किनाऱ्यावर उभी राहून त्याला नेहमीसारखी चहाला बोलवत राहिली. लग्न झालं तेव्हा तो विशीचाही नव्हता, पण त्या दिवसापासून ती त्याला म्हाताऱ्या म्हणायची. सगळ्या गावाला ती हाक पाठ होती. लोक शोधायला गेले. घसरगाडी सापडली, स्टोव्ह सापडला, स्टोव्हवरचा चहा गोठलेला सापडला. बर्फाला भेग नव्हती. खरवडणी मात्र नव्हती.

३

मालायाचा नवरा जोअनासी खाणवाल्यांकडे ऐकायच्या नोकरीवर होता. किनाऱ्यावर पत्र्याची खोली, खोलीतून बर्फाखाली गेलेली तार, तारेच्या टोकाला पाण्यातला माइक. जहाज किती घरघरतं आणि जनावरं त्यावर काय म्हणतात ते त्यानं टिपून घ्यायचं. अफिया त्याला चारचौघांत म्हणायची, “जावईबापू, कान तर विकलेस, तोंडाचं काय आलं?” आणि तो मटण कापता कापता सांगायचा, “तोंड त्यांना परवडलं नाही, सासूबाई.” माणूस वाईट नव्हता. घर त्याच्या पगारावर चाललं होतं हे अफियाला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ती जास्त बोलायची.

मालाया पोरीला पाठीवर घेऊन त्या खोलीत गेली आणि तिनं सरळ विचारलं, खालून खरवडणं ऐकू येतं का.

येतं, तो म्हणाला. सील आहे. श्वासाचं भोक गोठू नये म्हणून सील खालून नखांनी खरवडत असतो, हे किलाबुकच्या पोरीला मी सांगायचं का.

सांगायला नको होतं. पण तिला तेच ऐकायचं होतं, त्यासाठीच ती आली होती. जीव भांड्यात पडला. ती जायला वळली आणि वळता वळता, सहज म्हणून, तिनं विचारलं की यंदा सीलचे आवाज किती टिपलेस.

जोअनासीनं थर्मासचं झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

“एकही नाही,” तो म्हणाला.

मग घाईनं म्हणाला की म्हणून काय झालं, असेल एखादा, गप्प राहणारा. मालायानं टेबलावरचा हेडफोन उचलून डोक्याला लावला. तो नको म्हणाला नाही. त्यानं फक्त खिडकीकडे तोंड केलं.

आधी लांबची घरघर होती, ती विरत गेली. मग पाणी. नुसतं पाणी, आत कुणी नसलेलं. मग लांब, लांब, आखूड. आणि थांबणं. एक झुरका.

पुन्हा सुरू झालं तेव्हा मानेवरही सुरू झालं. लांब, लांब, आखूड.

आवाज हेडफोनात होता, फक्त तिच्या कानात. पोरगी टोपीत होती, लोकरीत गुंडाळलेली, कान झाकलेले.

४

घरी येऊन तिनं पोरीची नखं कापली आणि पलंगाच्या काठावर बसून डोकं ताळ्यावर आणायचा प्रयत्न केला. आपण ऐकून दचकलो, मान ताठ झाली, पोरीला अंगातून कळलं असणार. आणि हात बापाचाच का, तर तो आपल्यालाही येतो; घसरगाडीवर बाप आपल्या मागं बसायचा आणि झोपेत पडू नये म्हणून पाठीवर हाच ठेका खरवडायचा. आपणही टेबलावर वाजवत असू, नकळत. पोरीनं तो उचलला. पोरं उचलतात.

कारण पटण्यासारखं होतं आणि मालायाला ते पटलं. फक्त नखं कापल्यावर पोरगी बोटांच्या पेरांनी तेच करू लागली, आणि मालायाला ते थांबावं असं वाटेना. खरी गोष्ट अशी की ती मान जराशी पुढं करून वाट पाहू लागली.

त्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे घड्याळातली संध्याकाळ, कारण सूर्य तर मावळायचा विसरून आठवडे झाले होते, दोघी बूट शिवायला बसल्या. खिडकीला कांबळं ठोकलेलं, कडेनं ऊन आत येत होतं. जहाजाचा विषय निघाला, नर्सचा निघाला, नावाचा कुणी काढला नाही. आणि न काढताच अफिया बोलायला लागली. घरात किलाबुकची दुसरी खरवडणी होती. ती घेऊन आपण जातो, म्हणाली. तो विचारतो, आपण उत्तर देतो.

“काय विचारतो?”

“कुणी आहे का. मी सांगते, आहे.”

मध्येच जहाज येतं, ती म्हणाली, मग त्याला माझं ऐकू जात नाही. तो गप्प होतो. जहाज गेलं की पुन्हा पहिल्यापासून. पण येतोय तो. आधी पार कडेला होता, मग खाडीच्या मध्यावर आला, रोज जरा जवळ. काल तर आपण बोटी ओढून ठेवतो तिथं होता.

मालायाची सुई थांबली. बोटी ओढतात ती जागा तिला अंगणासारखी ठाऊक होती.

“तिथं खाली पाणी नाही, आई,” ती म्हणाली. “तिथं बर्फ वाळूला चिकटलाय.”

अफियानं दोरा दातानं तोडला. ठाऊक आहे, म्हणाली. टाका उलटून पाहिला, गाठ मारली, आणि मग तिनं इतके दिवस न सांगितलेलं कारण सांगितलं, बुटाकडे बघत.

“नाव दिलं की तो तिकडून बोलायचा थांबेल. मग मी काय ऐकू?”

मालायाकडे याचं उत्तर होतं, पाठीवरच होतं. ते तिनं दिलं नाही. तिला स्वतःलाच तो आवाज पुन्हा ऐकायचा होता, आणि हे कळल्यावर तिला आईपेक्षा स्वतःची जास्त भीती वाटली.

५

दुसऱ्या दिवशी पोरगी रडली नाही. सकाळपासून तिनं दूधही तोंडात घेतलं नाही, आणि डोळे उघडे ठेवून ती तशीच पडून राहिली. मालाया तिला घेऊन दवाखान्याकडे निघणार तेवढ्यात गावाच्या रेडिओवर बाईनं बिंगोचे आकडे मध्येच थांबवून सांगितलं की खाणीचं जहाज खाडीच्या तोंडाशी आलंय, सगळ्यांनी बर्फावरून परत यावं.

दाराशी अफियाचे बूट नव्हते. वल्हं नव्हतं, भिंतीवरची खरवडणी नव्हती.

मालाया दवाखान्याकडे गेली नाही. नर्स काय देणार ते तिला ठाऊक होतं, आणि जे हवं होतं ते नर्सकडे नव्हतं. आज नाव मागायचं नाही, घ्यायचं, असं ठरवून ती बर्फावर उतरली. चालताना तिच्या टाचा आपोआप हलक्या पडत होत्या. बर्फावर पाय आपटायचे नाहीत, खाली ऐकतात, हे बापानं चालायला शिकवतानाच शिकवलेलं. ऊन तिरपं होतं, सावल्या लांबच लांब. पाठीवरची टोपी जड लागत होती. पोरगी एवढीशी, तरी जड.

मागच्या जहाजानं फोडलेली वाट पुन्हा गोठली होती. दोन्हीकडे जुना पांढरा बर्फ आणि मधून हा नवा, काळा, काचेसारखा, खालचं पाणी दिसावं असा. अफिया त्याच्या काठावर रेनडिअरचं कातडं अंथरून बसली होती. शेजारी ताजं भोक. खाडीच्या तोंडाशी जहाज दिसत होतं, भिंतीवरच्या डागाएवढं.

मालायानं आवाज चढवला नाही. पोरगी चाललीये, ती म्हणाली. तुझं म्हातारपणाचं करमणं तिच्या जिवापेक्षा मोठं आहे का, तेवढं सांग, मी परत जाते. आणखीही बोलली, लेकीनं आईला बोलू नये असं. अफियानं सगळं ऐकून घेतलं आणि वल्हं पुढं केलं.

“एकदा हाडानं ऐक,” ती म्हणाली. “मग घे काय घ्यायचं ते.”

६

हेडफोनातलं ऐकणं वेगळं. हाडातून आलं तेव्हा ते बाहेरून आलंच नाही. ते तिच्या डोक्यात होतं, दाढांच्या मागं, जणू बाप तिथंच घसरगाडीवर मागं बसला होता आणि हात पुढं करून म्हणत होता, झोपू नकोस, मी आहे.

मालायानं आईच्या हातातली खरवडणी घेतली, गुडघ्यांवर पुढं सरकली आणि काळ्या बर्फावर ओढली. लांब, लांब, आखूड.

उत्तर लगेच आलं. झुरक्याएवढं थांबणं त्यात नव्हतं. आणि ते वल्ह्यातून आलं नाही, तिच्या गुडघ्यांखालून आलं.

तिनं खाली पाहिलं. काळ्या बर्फाच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रेघा उमटत होत्या. लांब, लांब, आखूड. सील एकाच जागी खरवडतो, त्याला भोक पाडायचं असतं. हे पुढं सरकत होतं, रेघेला रेघ लावत, तिच्याकडे. रेघांच्या मागं काहीतरी गडद होतं, त्याला आकार होता असं म्हणवत नाही. एकदा ते वळलं आणि लाल काहीतरी दिसलं, गोफासारखं. हातमोजे हरवू नयेत म्हणून ते लोकरीच्या गोफानं गळ्यात बांधतात; किलाबुकचा गोफ अफियानं विणला होता, लाल. पण तिरप्या उन्हात नवा बर्फही कधी लाल दिसतो, हेही मालायाला ठाऊक होतं. दोन्ही तिला एकाच वेळी ठाऊक होतं.

ती आडवी झाली. गाल बर्फाला लावला.

“ऊठ,” अफिया म्हणाली. जहाज आलं, निघायचं.

मालाया म्हणाली, थांब ना आई. नाव राहू दे आता. तो आलाय. अफियानं तिच्या दंडाला धरलं, तिनं झटकलं. तू सगळा वसंत घेतलास, ती म्हणाली, मला एवढं पुरतं घेऊ दे. मगाशी जी नाव मागत होती ती आता नको म्हणत होती, आणि जी देत नव्हती ती तिला ओढत होती, आणि दोघी हळू आवाजात भांडत होत्या, खालच्याला ऐकू जाऊ नये अशा.

मग घरघर आली. आधी गालाला, मग दातांना. अख्ख्या खाडीचा बर्फ मांजरासारखा गुरगुरायला लागला. या आवाजानं सील पळतो, नारव्हाल गप्प होतो. खालचं खरवडणं थांबलं नाही. ते फक्त मऊ झालं. लांब. मग खूप वेळानं लांब. अंगाई म्हणता म्हणता म्हणणाऱ्याचा आवाज उतरत जावा तसं. मालायाचे डोळे मिटत चालले होते आणि तिला फार बरं वाटत होतं.

अफियाला कानानं खालचं काही कळत नव्हतं. तिनं वल्हं पाण्यात घालून जबड्याला लावलं आणि तिचा चेहरा बदलला. उभा जन्म ती किलाबुकच्या मागं बर्फावर पालथी पडली होती. हा मऊ हात तिच्या ओळखीचा होता. हा तो शेवटी वापरायचा. सीलनं पुरती मान टाकली, आता तो उठत नाही, अशी खात्री झाली की उजवा हात असा मऊ व्हायचा आणि डावा हात हळूच भाल्याकडे जायचा.

तिनं मालायाच्या पाठीवरची टोपी उघडली. पोरगी रडत नव्हती, खरवडत नव्हती. हातपाय सोडलेले, डोळे उघडे, अंग गार. काळोखात बुडत जाणाऱ्या जनावरासारखी ती टोपीच्या तळाशी गेली होती.

७

दोघी किनाऱ्याला लागल्या तेव्हा जहाज गावासमोरून जात होतं. जोअनासी खोलीतून धावत आला होता आणि त्याला बोलता येत नव्हतं, तेव्हा तोंडाचं काय आलं हे अफियानं त्या दिवशी विचारलं नाही. पोरीनं त्याच दिवशी पोटभर दूध घेतलं. नर्सनं वजन करून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. विमान त्यांच्याशिवाय गेलं.

आता मालाया तिला बाबा म्हणते, खाऊन घ्या बाबा म्हणून मागं लागते. जोअनासी सासरेबुवा म्हणतो आणि लंगोट बदलताना माफी मागतो. वल्हं दारावर टांगलंय. अफिया ते उतरवत नाही, पण धूळ बसू देत नाही. खाली खरवडणं अजून आहे. जोअनासी सील म्हणतो आणि हेडफोनचा आवाज बारीक करतो. मात्र तो हात कुणाचा, हे आता कुणालाच ओळखता येत नाही, आणि कुणी ओळखायला जातही नाही.

पोरगी हसरी आहे, खोडकर आहे. फक्त खाडीत जहाज शिरलं की, घरात कुणाला काही ऐकू यायच्या कितीतरी आधी, ती खेळता खेळता गप्प होते. अंग सोडते. जमिनीकडे बघत बसते, खालून कुणी काही सांगत असावं तशी. जहाज निघून जाईपर्यंत मालाया तिला छातीशी धरून ठेवते, आणि तेवढा वेळ तिच्या मानेवर काही उमटतं का, याची तिला धास्तीही असते आणि आसही. काही उमटत नाही.

नावावरून मात्र त्या घरात पुन्हा भांडण झालं नाही. ते बर्फावरच संपलं, मालायाचा गाल अजून काळ्या बर्फाला लागलेला होता तेव्हा. अफियानं किलाबुकची ती दुसरी खरवडणी उचलून भोकात सोडून दिली, तिला बुडताना पाहिलं, मग टोपीत हात घालून पोरीचा गार गाल धरला, आणि खाली जे कुणी होतं त्यालाही नीट ऐकू जावं अशा, किनाऱ्यावरून मारायची तशा खणखणीत आवाजात, ती पोरीला म्हणाली,

“चल म्हाताऱ्या, पुरे झालं बर्फावर बसणं, घरी चल, चहा निवतोय.”